सायक्लोन टेलरची पक्की नोकरी

5250 डॉलर. साल 1910, मॅचेस फक्त बारा. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं छपाईत एखादं शून्य जास्तीचं पडलंय. त्या काळात बेसबॉलमधल्या टाय कॉबसारख्या माणसाला वर्षाचे पैसे याहून जास्त मिळत असतीलही, पण त्याला त्यासाठी उन्हाळाभर दीडशेच्या आसपास मॅचेस ओढाव्या लागायच्या, आणि इथे ओंटारियोतलं रेनफ्रू नावाचं एक गाव, जिथली लोण्याची डेअरी प्रसिद्ध म्हणून टीमचं नावसुद्धा क्रीमरी किंग्ज, ते एका आइस हॉकीवाल्याला दोन महिन्यांचे एवढे मोजतंय. हॉकीवाल्याचं नाव फ्रेडरिक वेलिंग्टन टेलर. जग त्याला सायक्लोन टेलर म्हणायचं.

मी व्हँकुव्हरजवळ राहतो. इथे राहून हॉकीत रस नाही म्हणणं अवघड असतं, ऑफिसात सोमवारी सकाळी दुसरा विषयच नसतो, त्यामुळे आधी नाइलाजाने आणि मग खरंच आवडून बघायला लागलो. पण मला त्यातल्या आजच्या करोडपती प्लेयर्सपेक्षा जुन्या लोकांचं जास्त वाटतं, ज्यांनी पैसे घेऊन खेळणं हीच गोष्ट नव्याने सुरू केली. त्यात टेलर माझा लाडका होता. होता म्हणतोय, कारण मग मला त्याच्या दुसऱ्या नोकरीतलं एक काम कळलं. ते येईलच पुढे.

आधी थोडं तेव्हाच्या खेळाबद्दल, नाहीतर हा माणूस एवढा का भारी होता ते कळणार नाही. आज बर्फावर सहा जण असतात, तेव्हा सात असायचे. सातवा तो रोव्हर, त्याला ठरलेली जागा नाही, पाहिजे तिथे फिर. पक, म्हणजे चेंडूच्या जागी असते ती रबराची चकती, पुढे उभ्या असलेल्या आपल्या माणसाला द्यायचाच नाही, तो ऑफसाइड, म्हणजे पुढे जायचं तर स्वतः पक घेऊन समोरच्यांना चुकवत पळायचं नाहीतर मागे पास द्यायचा. आणि बदली खेळाडू जवळजवळ नाहीच, आज मिनिटभर खेळले की धापा टाकत बाकावर येऊन बसतात, तेव्हा पूर्ण साठ मिनिटं तेच सात जण. अशा खेळात ज्याचं स्केटिंग फास्ट तो राजा. टेलर बर्फावर उलटा, म्हणजे पाठ पुढे करून, इतरांच्या सुलट्या स्पीडने जायचा असं म्हणतात. थोडं सोडून देऊ, जुन्या लोकांची सवय असते, पण अर्धं खरं धरलं तरी पुरे.

तो मूळचा टारा गावचा, वाढला लिस्टोवेलला, दोन्ही ओंटारियोतली छोटी गावं. वडील शेतीची अवजारं विकत फिरायचे. स्केटिंग त्याला गावातल्या एका सलूनवाल्याने शिकवलं. शाळा अर्धवट सोडून पियानोच्या कारखान्यात कामाला लागला आणि संध्याकाळी हॉकी, असं चाललेलं असताना 1904 मधे टोरोंटोहून फोन आला. फोन ओंटारियो हॉकी असोसिएशनचे सेक्रेटरी हेविट यांचा, की आमच्या मार्लबरोज टीमकडून खेळायला ये. टेलर नाही म्हणाला. वय विशीच्या आतबाहेर, पियानोच्या कारखान्यातला पोरगा, आणि प्रांताच्या हॉकीचा सगळा कारभार ज्याच्या हातात आहे त्याला सरळ नाही. मग नाही तर नाही, तू कुठेच खेळायचं नाहीस असा उलटा निरोप आला आणि पूर्ण सीझन त्याला घरी बसवला.

मला या गोष्टीत सगळ्यात मजेशीर वाटतं ते हे, की हे सगळं चाललं होतं अमॅच्युअर हॉकीच्या नावाखाली. पैसे घेणारा खेळाडू म्हणजे कलंक, शुद्ध खेळ, सद्गृहस्थांचा खेळ वगैरे वगैरे, आणि त्या शुद्ध खेळात खेळाडूला स्वतःची टीम निवडायचा हक्क नाही. फुकट खेळायचं आणि वर सांगाल तिथे खेळायचं! पैसे घेऊन खेळणाऱ्यांना नंतर हावरट म्हटलं गेलं, पण पैसे मागण्याआधी त्यांना फक्त नाही म्हणायची सोय हवी होती असं मला वाटतं, ती सोय अमॅच्युअर खेळात नव्हती आणि धंद्यात मिळाली.

बंदीमुळे तो पश्चिमेला मॅनिटोबात पोर्टेज ला प्रेअरीला गेला, तिथे राहणं-खाणं आणि वर महिन्याला 25 डॉलर. तिथल्या बर्फावर त्याला बघून अमेरिकेतून बोलावणं आलं, मिशिगनमधल्या हॉटनहून. हॉटन म्हणजे तांब्याच्या खाणींचा मुलुख, लेक सुपीरियरच्या काठावर, बर्फ मायंदाळ आणि खाणीच्या पैशाने गाव गरगरीत. तिथे डॉक गिब्सन नावाच्या कॅनडातून आलेल्या एका दातांच्या डॉक्टरने पैसे देऊन खेळाडू आणायला सुरुवात केली होती आणि 1904 पासून इंटरनॅशनल हॉकी लीग चालू झाली होती, जिला उघडपणे पगार देणारी पहिली हॉकी लीग म्हणतात. टीम पाचच: हॉटनची पोर्टेज लेक, कॅल्युमेट, पिट्सबर्ग, आणि नदीच्या दोन बाजूंची दोन सू सेंट मारी, एक अमेरिकेतलं आणि एक कॅनडातलं. टेलर 1906 च्या सीझनमधे मधेच तिथे पोचला, उरलेल्या सीझनचे 400 डॉलर आणि खर्च वेगळा. पोर्टेज लेक त्या वर्षी जिंकली, पुढच्या वर्षीही जिंकली. मग 1907 ची मंदी आली आणि लीग बसली.

तर बॉर्डर ओलांडायची, कराराचे पैसे खिशात घालायचे, सीझन संपला की परत यायचं. कोणी विचारत नव्हतं. हे लक्षात ठेवा, मला नंतर लागणार आहे.

1907 च्या शेवटी तो ऑटाव्याला आला. ऑटाव्याने त्याला सीझनचे 500 डॉलर देऊ केले, पण टेलरला त्यापेक्षा महत्त्वाची वाटली ती दुसरी ऑफर, केंद्र सरकारच्या इमिग्रेशन खात्यात क्लार्कची नोकरी, महिना 35 डॉलर. आपल्याकडे रेल्वेत, बँकेत, पोलिसात स्पोर्ट्स कोट्यातून कबड्डीवाले आणि कुस्तीवाले लागतात ना, अगदी तस्संच. हॉकी काय, पाय मोडला की संपली, पण सरकारी खुर्ची म्हातारपणापर्यंत. हा हिशोब मला कुठल्याही मराठी मध्यमवर्गीय घरातला वाटतो आणि म्हणूनच बहुतेक मला हा माणूस जवळचा वाटला होता. मैदानावर वारं प्यायलेलं वासरू, आणि डोक्यात पेन्शन.

जानेवारी 1908 मधे ऑटाव्याच्या नव्या रिंकमधे मॅच होती. बघायला गव्हर्नर जनरल अर्ल ग्रे हजर. टेलर तेव्हा डिफेन्सला खेळायचा, पण डिफेन्सवरून पक घेऊन सुटायचा तो समोरच्या गोलपर्यंत. गोष्ट अशी सांगतात की ग्रे साहेब म्हणाले हा चार नंबरवाला तर सायक्लोन आहे, जवळच्या पत्रकाराच्या कानावर ते पडलं आणि दुसऱ्या दिवशीपासून तेच नाव. त्याआधी त्याला थंडरबोल्ट, व्हर्लविंड वगैरे म्हणून झालं होतं, पण टिकलं ते हे.

आता ही तारीख मी बघत बसलो होतो आणि मला दुसरी एक गोष्ट दिसली. त्याच 1908 च्या जानेवारीत, त्याच गव्हर्नर जनरलच्या मंत्रिमंडळाने एक हुकूम काढला. ज्या देशात जन्मलात किंवा ज्या देशाचे नागरिक आहात तिथून न थांबता थेट प्रवास करून, आणि तिथेच काढलेल्या तिकिटावर, कॅनडात आलात तरच आत घेऊ. हुकमात हिंदुस्थानचं नाव कुठे नाही. पण हिंदुस्थानातून कॅनडाला थेट सोय जवळजवळ नव्हतीच, मधे हाँगकाँग किंवा जपानला उतरावंच लागायचं. चार महिन्यांपूर्वी, सप्टेंबर 1907 मधे, व्हँकुव्हरच्या चिनी आणि जपानी वस्त्यांत गोऱ्या जमावाने दंगल केली होती, त्यानंतरचं हे राजकारण. शिवाय आशियातून येणाऱ्याकडे 200 डॉलर रोख हवेत अशी अटही त्याच वर्षी आली. हुकूम ज्या खात्याने राबवायचा त्याच खात्यात आमचा सायक्लोन दिवसा कागद हलवत होता.

हॉकीकडे परत येतो. 1909 मधे ऑटाव्याने स्टॅन्ले कप, म्हणजे हॉकीतला सगळ्यात मानाचा कप, जिंकला, आणि जिंकल्यावर टेलर सोडून गेला, रेनफ्रूला, त्या 5250 साठी. मागे पैसा ओब्रायन घराण्याचा, कोबाल्टच्या चांदीच्या खाणींचे मालक. पोरगा अँब्रोझ ओब्रायन मॉन्ट्रियलला गेला की आमच्या टीमला लीगमधे घ्या, तिथल्या मोठ्या लोकांनी त्याला हाकलला, मग त्याने डिसेंबर 1909 मधे दुसऱ्या काही दुखावलेल्यांना धरून स्वतःची लीगच काढली, नॅशनल हॉकी असोसिएशन. मॉन्ट्रियल कॅनेडियन्स ही आजची सगळ्यात जुनी टीम त्याच रागातून आणि त्याच पैशातून उभी राहिली, आणि पुढे 1917 मधे त्या लीगच्याच लोकांनी एनएचएल, म्हणजे आजची सगळ्यात मोठी हॉकी लीग, बनवली. अपमान झालेल्या श्रीमंताच्या पोराने किती काय करून ठेवलं बघा.

रेनफ्रूच्या वेळचा तो प्रसिद्ध किस्सा आहे, ऑटाव्यात जाऊन टेलर बढाई मारून आला की तुमच्या टीमवर मी उलटा स्केटिंग करत जाऊन गोल मारीन. ऑटाव्याचा गोलकीपर पर्सी लेस्युअरने पैज लावली. फेब्रुवारी 1910 मधे मॅच झाली तेव्हा ऑटाव्याच्या लोकांनी त्याला लिंबं फेकून मारली, घोड्याची लीद फेकून मारली, कारण आपला माणूस पैशासाठी गेला हे दुःख सगळ्या जगात सारखंच. त्या मॅचमधे काही जमलं नाही, रेनफ्रू हरलं. पण मार्चमधे रेनफ्रूमधे परत गाठ पडली, तिथे रेनफ्रूने 17-2 असा धुव्वा उडवला आणि त्यात टेलरने पाठमोऱ्याने गोल मारला. आता तो किती पावलं उलटा गेला, की शेवटच्या क्षणी फक्त गिरकी घेतली, यावर लोक अजून भांडतात. भांडू देत. एवढं करून रेनफ्रू करोडपती म्हणून ओळखली जाणारी ती टीम कप जिंकली नाहीच, आणि दोन सीझनमधे बंद पडली.

टीम बंद पडली तेव्हा खेळाडूंची वाटणी झाली आणि टेलर मॉन्ट्रियलच्या वाँडरर्सच्या वाट्याला गेला. त्याने परत नाही म्हटलं. मला ऑटाव्यातच राहायचंय, तिथे माझी नोकरी आहे. लीगने बंदी घातली, तो जवळजवळ पूर्ण सीझन घरी बसला. लिस्टोवेलचीच गोष्ट परत, फक्त आता तो देशातला सगळ्यात मोठा खेळाडू होता आणि बसून राहणं त्याला परवडत होतं.

मग व्हँकुव्हर. रेनफ्रूला त्याच्याबरोबर खेळलेले लेस्टर आणि फ्रँक पॅट्रिक हे भाऊ, त्यांच्या घरचा लाकडाचा धंदा विकला गेला, आणि ते पैसे त्यांनी पश्चिम किनाऱ्यावर हॉकीत घातले. अडचण एकच, व्हँकुव्हरला हिवाळ्यात बर्फापेक्षा पाऊस जास्त, तळी गोठत नाहीत. म्हणून मशीनने बर्फ करायचा. 1911 च्या डिसेंबरमधे डेनमन अरीना उघडली, दहा हजार माणसं बसतील एवढी, तेव्हाच्या व्हँकुव्हरच्या मानाने शुद्ध वेडेपणा. 1912 मधे टेलर आला, आणि येताना खात्यातून बदली करून घेऊन आला. हॉकीत पगार 1800 च्या घरात, रेनफ्रूच्या मानाने काहीच नाही, पण इमिग्रेशनची खुर्ची शाबूत. पॅट्रिकांनी त्याला रोव्हर केलं, पुढे पास द्यायलाही परवानगी देणारे नवे नियम आणले, आणि मग पाच सीझन लीगमधे सगळ्यात जास्त पॉइंट्स याचेच. 1917-18 मधे तर 18 मॅचेसमधे 32 गोल.

डेनमन अरीना 1936 मधे जळून गेली. ती जिथे होती तिथे आता पार्क आहे, स्टॅन्ले पार्कच्या तोंडाशी. तिथून समुद्राकडेने पूर्वेला चालत निघालं की थोड्या वेळात कोमागाटा मारूचं स्मारक लागतं, त्यावर माणसांची नावं आहेत. मी दोन्ही ठिकाणं कित्येक वेळा वेगवेगळी बघितली होती, एकमेकांशी जोडली नव्हती.

कोमागाटा मारू 23 मे 1914 ला व्हँकुव्हरच्या खाडीत आली. जपानी बोट, पंजाबचे गुरदित सिंग यांनी भाड्याने घेतलेली, हाँगकाँगहून निघून शांघाय आणि योकोहामा करत आलेली. वर 376 माणसं, 340 शीख, 24 मुसलमान, 12 हिंदू, सगळे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन, म्हणजे कागदोपत्री ओंटारियोच्या टेलरचे जेवढे हक्क तेवढेच यांचे. बोटीला धक्क्याला लागू दिलं नाही. तिला सामोरा गेलेला पहिला इमिग्रेशन अधिकारी होता फ्रेड टेलर.

हे मी वाचलं ते त्याच्या हॉकीच्या माहितीत एका ओळीत, लग्न आणि गोल यांच्या मधे. दोन महिन्यांपूर्वी मार्चमधे त्याचं लग्न झालं होतं, ऑटाव्याच्या थर्झा कुकशी, जी त्याला भेटलीही इमिग्रेशनच्याच ऑफिसमधे.

बोट दोन महिने खाडीत उभी राहिली, किनाऱ्यावरून दिसेल एवढ्या अंतरावर. कोणाला खाली उतरू द्यायचं नाही, वकिलाला धड भेटू द्यायचं नाही, अन्न आणि पाणी संपेपर्यंत ताणायचं. व्हँकुव्हरमधे आधीपासून राहणाऱ्या आपल्या लोकांनी, लाकडाच्या गिरण्यांमधे राबणाऱ्यांनी, बोटीच्या भाड्याचा हप्ता म्हणून 22,000 डॉलर उभे केले, विचार करा, तेव्हाचे. मुन्शी सिंग यांची केस नमुना म्हणून कोर्टात गेली, जुलैमधे पाचही न्यायाधीशांनी विरोधात निकाल दिला. 19 जुलैच्या रात्री सी लायन नावाच्या टगबोटीतून शंभरावर पोलीस आणि माणसं घेऊन बोटीवर चढायचा प्रयत्न झाला, वरच्यांनी कोळसा आणि विटा फेकून त्यांना परत पाठवलं. शेवटी रेनबो ही लढाऊ बोट आणून उभी केली. 23 जुलैला कोमागाटा मारू परत फिरली, फक्त 24 जणांना उतरू दिलं होतं. सप्टेंबरच्या शेवटी कलकत्त्याजवळ बजबजला पोचल्यावर पोलिसांच्या गोळीबारात वीसच्या आसपास माणसं मेली.

या सगळ्यात टेलर वरचा साहेब नव्हता हे सांगायलाच हवं. व्हँकुव्हरचा इमिग्रेशन एजंट माल्कम रीड, त्याच्यामागे खासदार स्टीव्हन्स, हेर म्हणून हॉपकिन्सन, निर्णय या लोकांचे आणि ऑटाव्यातल्या सरकारचे. टेलर मधल्या फळीतला माणूस. पण दारात उभा तो होता.

आता आपल्याकडचं एक. परत फिरलेल्या या बोटीने गदर चळवळीला, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या आपल्या लोकांच्या इंग्रजांविरुद्धच्या चळवळीला, जी आग लावली त्यात आपला विष्णू गणेश पिंगळे होता, तळेगाव ढमढेरेचा, अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकायला गेलेला पोरगा, जो 1914 मधे बंड करायला परत हिंदुस्थानात आला. मार्च 1915 मधे मेरठला घोडदळाच्या छावणीत तो बॉम्बसकट पकडला गेला, आणि नोव्हेंबरमधे लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभाबरोबर फाशी गेला. आणि त्याच मार्च 1915 मधे व्हँकुव्हरला काय चालू होतं? डेनमन अरीनात स्टॅन्ले कपची फायनल. ऑटाव्याची टीम आगगाडीने अख्खा खंड ओलांडून आलेली, तीन मॅचेस, 6-2, 8-3, 12-3, टेलरने आपल्या जुन्या टीमला अक्षरशः नागवलं. कप पहिल्यांदा पश्चिम किनाऱ्यावर आला. व्हँकुव्हरला तो नंतर कधी मिळालाच नाही, 2011 मधे हातातोंडाशी आलेला गेला तेव्हा लोकांनी डाउनटाउनमधे गाड्या जाळल्या.

ऑफिसात माझ्याबरोबर एक पंजाबी मित्र आहे, जालंधरकडचा, हॉकी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळते त्याला. त्याच्याशी मी यावर बोललो, म्हटलं मला आता टेलर पूर्वीसारखा आवडत नाही. तो म्हणाला अरे यार, क्लार्क होता तो, त्याने नोकरी सोडली असती तर दुसरा कोणी गेला असता बोटीकडे, काय फरक पडणार होता. खरंय. फरक काहीच पडणार नव्हता. पण माझं डोकं दुसरीकडेच अडकलंय. हेविटना नाही म्हणणारा हा माणूस, वाँडरर्सना नाही म्हणणारा, त्यासाठी दोनदा अख्खा सीझन घरी बसणारा. आयुष्यभर त्याला कळत होतं की माणसाने कुठे जायचं, कुठे राहायचं हे दुसऱ्याने ठरवणं किती अपमानाचं आहे. 1914 मधे तो नाही म्हणू शकणारा देशातला सगळ्यात लोकप्रिय खेळाडू होता, कोणी त्याला उपाशी मारणार नव्हतं. आणि तरी ही गोष्ट त्याला त्या बोटीवरच्या माणसांना लागू होते असं वाटलं का? मित्राने खांदे उडवले. म्हणाला, वाटलं असेल तरी पेन्शन होती ना.

पेन्शनपर्यंत तो पोचलाच. खेळ 1920 च्या आसपास सुटला, 1922 मधे एक शेवटची मॅच खेळून बघितली तेवढीच. खात्यात मात्र चढत गेला, ब्रिटिश कोलंबिया आणि युकॉनचा इमिग्रेशन कमिशनर झाला, 1946 मधे एमबीई हा ब्रिटिश किताब मिळाला, 1950 मधे रिटायर. 1947 मधे त्याला हॉकी हॉल ऑफ फेममधे घेतलं. त्याच 1947 मधे थेट प्रवासाचा तो नियम कॅनडाने काढून टाकला आणि ब्रिटिश कोलंबियातल्या आपल्या लोकांना मतदानाचा हक्क मिळाला, म्हणजे नियम राबवायला लागल्यापासून तो जाईपर्यंत हा माणूस नोकरीत होता. गेला 1979 मधे, चौऱ्याण्णव वर्षांचा होऊन. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत कोमागाटा मारूबद्दल माफी मागितली ती 2016 मधे.

व्हँकुव्हरची कनक्स टीम दर वर्षी आपल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूला जी ट्रॉफी देते ती सायक्लोन टेलरच्या नावाची आहे. मित्राला विचारलं, नाव बदलायला पाहिजे का? तो म्हणाला नाव राहू दे, खाली नोकरीचंही लिहा. मग म्हणाला, शनिवारी मॅच आहे, घरी ये, पंजाबी कॉमेंटरी लावतो, इंग्लिशपेक्षा जाम मजा येते.